नळावरच्या भांडणाची मालकी

आमचे घरमालक कढीपत्त्याची एक काडी तोडायची झाली तरी माझ्या दाराशी येऊन विचारत. झाड मी लावलेलं होतं, पण जमीन त्यांची, कुंपण त्यांचं आणि झाडाला पाणीही त्यांच्याच नळाचं. मी एकदा म्हटलं, "अण्णा, तोडा की. रोज काय विचारता?" तर म्हणाले, "वैनी, तुम्ही हो म्हणालात ते आजच्या काडीपुरतं. उद्याचं उद्या विचारीन." आणि विचारलंच. सकाळी माझी आमटी स्टोव्हवर असायची आणि हा माणूस दारात उभा. दारातसुद्धा नाही, पायरीच्या खाली. आत नजर जाऊ नये म्हणून तोंड रस्त्याकडे करून बोलायचे. नव्या भाडेकरूला वाटायचं, हे बोलतायत तरी कोणाशी.

बंगलोरात मल्लेश्वरमला त्यांचं वठार होतं. एका अंगणाभोवती खोल्या, खोल्यांत आम्ही भाडेकरू, आणि रस्त्याच्या अंगाला त्यांचं स्वतःचं घर. माझा नवरा सरकारी कारखान्यात फिटर होता. साताऱ्याकडून इथे आलो तेव्हा मला कन्नडचं अक्षर येत नव्हतं, मराठीचंही चौथीपुरतंच. अण्णांचं घराणं बंगलोरला कधी आलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. घरात मराठीच बोलायचे, पण आमच्यासारखी नाही. "स्वल्प थांबा," म्हणायचे, म्हणजे थोडं थांबा. एखादी गोष्ट पटली की "सरी". पटली नाही तरी "सरी"च, पण मग निघून जायचे.

दुसऱ्याचं काहीही न विचारता उचलायचं नाही, हा त्यांचा सोस होता. विनोद सांगायचा तरी आधी म्हणायचे, "हा माझा नाही हं, आठव्या क्रॉसच्या गल्लीतल्या शिंप्याचा आहे." मग विनोद. कोणी हसलं की म्हणायचे, "सांगतो त्याला." आणि जाऊन सांगायचे. शिंपी वैतागला होता. एकदा एक मांजर त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलं, तर भर दुपारी मला झोपेतून उठवलं. "वैनी, तुमचं मांजर आमच्याकडे आलंय. दूध घालू का?" मी म्हटलं, मांजर माझं नाही, गल्लीचं आहे. त्यावर त्यांची पंचाईत झाली. गल्लीला विचारणार कसं?

मांजराला दूध अक्कांनी घातलं असणार. अक्का म्हणजे त्यांची बायको. देवळातल्या भजनी मंडळात पेटीपाशी बसायच्या आणि दूधवाल्यालासुद्धा "या हो, ठेवा हो" म्हणायच्या. असा मऊ आवाज की बायका त्यांचं उदाहरण देत. माझं उदाहरण कोणी दिल्याचं मला आठवत नाही.

अण्णांच्या या सोसाचं मूळ कुठे होतं ते अक्कांनीच मला सांगितलं. लग्नानंतर दोघांनी एका स्टुडिओत फोटो काढला होता. स्टुडिओवाल्याने त्यातून नुसत्या अक्का मोठ्या करून दुकानाच्या काचेत लावल्या. अण्णा रोज कारखान्याच्या बसला जाताना आपली बायको रस्त्यावरच्या लोकांकडे बघून हसताना बघायचे. काढा म्हणून सांगायला गेले, तर तो म्हणाला, काच माझी, निगेटिव्ह माझी, तुम्ही एक प्रत नेलीत ना, मग झालं. उन्हाने तोंड पार पांढरं पडेपर्यंत तो फोटो तिथे होता.

"तुम्हाला काय वाटलं?" मी अक्कांना विचारलं.

"मला काय वाटायचं? बरी दिसत होते मी," अक्का म्हणाल्या.

पण अण्णांच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलंच. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी चक्क व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि लग्नामुंजींचं शूटिंग करायला लागले. ज्या माणसाला दुसऱ्याच्या दारात डोकवायचं भय, त्याने लोकांच्या मांडवात शिरायचा धंदा काढावा याचं माझ्या नवऱ्याला फार हसू यायचं. मला नाही आलं. स्टुडिओवाल्याने जे केलं ते कसं करायला पाहिजे होतं, हे अण्णांना जगाला दाखवायचं होतं. जगाला त्याची काही पडलेली नव्हती.

कॅमेरा केवढा तरी. खांद्यावर घेतला की अण्णा एका बाजूला कलायचे. अक्कांच्या जुन्या रेशमी साडीच्या तुकड्यात गुंडाळून न्यायचे. मांडवात गेले की आधी प्रत्येकाजवळ जाऊन विचारायचे, "घेऊ का?" नवऱ्याला, नवरीला, भटजींना, वाजंत्रीवाल्यांना, भात उपसणाऱ्या आचाऱ्यालाही. "ज्याचं तोंड, त्याचा हक्क," असं त्यांचं म्हणणं. त्याला आणखी एक शेपूट होतं, "आणि घेणं वेगळं, दाखवणं वेगळं." म्हणजे कॅसेट तयार झाली की कोणाकोणाला दाखवू, हेही परत विचारायचं. एका लग्नात अण्णा वरपक्षाच्या मामांना विचारत होते आणि इकडे मंगलाष्टकं संपली. भटजी म्हणाले, "घ्या हो अण्णा, आता घ्या, पण अक्षता संपल्या."

तरी लोक बोलवायचे. बंगलोरात मराठी बोलणारा शूटिंगवाला दुसरा कुठला होता?

यशवंतपूरला एका मराठी माणसाची लाकडाची वखार होती. आम्ही त्यांना वखारवालेच म्हणायचो. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग अण्णांनी केलं. मी जेवायला गेले होते, तेव्हा हे माझ्या समोर झालं. नवरीची आई ठेवणीतलं जरीचं नेसून, नथ घालून उभी. अण्णा गेले. "घेऊ का?"

आपल्या बायका काय म्हणतात? तेच ती म्हणाली. "इश्श, माझं काय घेता? पोरीचं घ्या."

"सरी," अण्णा म्हणाले आणि कॅमेरा दुसरीकडे वळवला. नंतर सगळ्या लग्नभर ती बाई जिथे येईल तिथून ते कॅमेरा बाजूला नेत राहिले. फार मेहनत घेतली त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. अंगणातला नळ भाडेकरूंचा. अक्कांच्या घरात त्यांचा वेगळा नळ होता, तरी त्या दिवशी त्या आपली घागर घेऊन बाहेर आल्या आणि माझी घागर सरकवून आपली लावली. मी विचारलं, "घरात नळ असून इथे कशाला?" त्या म्हणाल्या, "नळ माझ्या नवऱ्याचा आहे." मी म्हटलं, "नळ असेल, पाणी सरकारचं आहे." तिथून सुरू झालं. अण्णा ओसरीवर कॅमेरा पुसत बसले होते. आमच्या भांडणात न्याय करायची पाळी नेहमी त्यांच्यावर यायची आणि कोण आधी बोललं यावर आमचं कधी एकमत व्हायचं नाही. लग्नाच्या कॅसेटमध्ये थोडी टेप उरलेली होती. उरलेलं वाया घालवायचं नाही ही आपली सवयच. ते अंगणात उतरले आणि दोघींच्या मध्ये येऊन म्हणाले, "घेऊ का?"

"घ्या!" मी ओरडले. "कळू दे जगाला!"

"घ्या की," अक्का म्हणाल्या. "भिते की काय मी?"

त्यांनी घेतलं, सगळं. मी अक्कांना सात जन्मांची तहानलेली म्हटलं तेही, आणि अक्कांनी मला कन्नडमध्ये एक शिवी दिली तीही. ती शिवी मी इथे लिहीत नाही. लमाणसुद्धा ती बाईमाणसाला देत नाहीत असं मला नंतर कळलं.

पाणी गेल्यावर अण्णा म्हणाले, "आता टीव्हीवर लावू का? कोण आधी बोललं ते दोघींनी बघा."

"लावा," मी म्हटलं.

"काही लावायचं नाही," अक्का म्हणाल्या.

"सरी," अण्णा म्हणाले. एक हो, एक नाही, म्हणजे नाही. कॅसेट कपाटात गेली. आठवडाभराने देवळात बायकांनी अक्कांना त्या शिवीचं विचारलं. कोणी सांगितलं होतं माहीत नाही. मी सांगितलं असेल. तर अक्का मऊ आवाजात म्हणाल्या, "छे हो. मी असं बोलेन का?" आणि बायकांनी त्यांचंच खरं धरलं.

तोपर्यंत अण्णांनी वखारवाल्यांना लग्नाची कॅसेट उतरवून दिली होती. लग्नाएवढीच. ती बघून वखारवाले तणतणत वठारात आले.

"अण्णा, माझी बायको कुठंय?"

"घरी असतील की."

"कॅसेटमध्ये कुठंय? आचारी तीनदा दिसतो! वाजंत्री दिसतात! मुलीची आई कुठंय?"

"त्या नको म्हणाल्या."

"अहो, बायका म्हणतातच नको! नको म्हणजे घ्या!"

"मला कसं कळायचं कुठलं नको खरं आणि कुठलं खोटं?" अण्णा म्हणाले. "मी सगळीच खरी धरतो."

वखारवाले काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. मूळ कॅसेट द्या, म्हणाले, मी दुसऱ्या कोणाकडून नीट करून घेतो, कुठेतरी कोपऱ्यात तरी सापडेल ती. अण्णांनी लगेच कपाटातून काढून दिली. लग्न त्यांचं, तोंडं त्यांची, मग अडवायचं कशाला? टेपच्या शेवटी आमचं भांडण आहे हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

केबल तेव्हा नवीन होतं. आमच्या भागात एका कन्नड पोराने गच्चीवर मोठी तबकडी लावून घराघरात वायरी ओढल्या होत्या. दुपारी त्याच्याकडे लावायला सिनेमा नसला की तो लोकांच्या घरच्या कॅसेट लावायचा. बारशी, मुंजी, लग्नं. लोक आपणहून आणून द्यायचे. वखारवाल्यांना मुलीचं लग्न गावाला दाखवायची घाई. बायको दिसेना तर दिसेना, त्यांनी तीच मूळ कॅसेट त्याच्याकडे नेऊन दिली. पोराने मशिनमध्ये घातली आणि तो जेवायला गेला. लग्न संपलं, वरात संपली, आणि मल्लेश्वरमच्या सगळ्या टीव्हींवर आमचा नळ सुरू झाला.

मी समोरच्या बिऱ्हाडात जाऊन बघितलं. माझा पदर नीट होता. आवाज जरा चढला होता. मला काही वाटलं नाही. जे बोलले होते तेच दिसत होतं.

अक्का त्या वेळी भजनी मंडळाच्या बायकांबरोबर बसल्या होत्या. ओळखीतलं लग्न म्हणून सगळ्या मुद्दाम जमल्या होत्या. शिवी झाल्यावर कोणीतरी उठून चहा ठेवला म्हणे.

दुसऱ्या दिवशी केबलवाल्याने ते परत लावलं. तिसऱ्या दिवशीही. लग्न गाळून नुसतं भांडण. लोकच मागायला लागले होते. मराठी कळत नसलेल्यांना तर जास्तच आवडायचं. बाजारात कोथिंबीरवाली मला बघून कमरेवर हात ठेवायची, माझ्यासारखी मान उडवायची आणि एक जुडी जास्त टाकायची. केबलवाल्याने एक प्रत येलहंकाच्या आपल्या मेव्हण्यालाही दिली. तिथेही काही दिवस लागत होतं, मग ती प्रत तिथल्या मशिनने खाल्ली. तेवढं एक बरं झालं.

अक्का घराबाहेर पडेनात. देवळात नाही, नळावर नाही. मग एका सकाळी पिशवी भरून देवनहळ्ळीला भावाकडे जायला निघाल्या. अंगणातून जाताना अण्णांना म्हणाल्या, "ती कॅसेट पुसून माझ्या हातात द्या. त्याशिवाय मी या घरात येत नाही."

"स्वल्प थांब..." अण्णा म्हणत होते, पण त्या थांबल्या नाहीत.

अण्णा माझ्याकडे आले. पायरीखाली, तोंड रस्त्याकडे. "वैनी, केबलवाल्याकडे यावं लागेल. भांडणाच्या अर्ध्या मालक तुम्ही आहात."

मी गेले. केबलवाला गच्चीवर वायरी सोडवत होता. मध्ये मध्ये हिंदी, मध्ये मध्ये कन्नड. अण्णांचा मान ठेवून बोलत होता, पण हलत नव्हता.

"अण्णा, कॅसेट पार्टीने आणून दिली. एकदा माझ्या हातात दिली की माझी."

"पार्टीला लग्न द्यायचा अधिकार. भांडण कसं देतील? भांडण त्यांचं नाही."

"मग तुमचं?"

"माझंही नाही. मी नुसतं घेतलं. आत दिसतायत त्या दोघींचं."

पोराने माझ्याकडे बघितलं आणि हसला. "अम्मा, तबकडी माझी, वायर माझी, मशिन माझं. तुमचं नुसतं तोंड. वायर ओढा आणि लावा की तुमचं तोंड."

मी म्हटलं, "माझं तोंड एवढं आवडतंय तर तुझ्या आईचं लाव. तिचंही नळावर चालू असेल की." त्याने परत वायरी हातात घेतल्या, पण कॅसेट दिली नाही. ज्याने दिली तो मागेल तर देईन, म्हणाला.

तेव्हा आम्ही यशवंतपूर गाठलं. वखारवाले लाकडांच्या ढिगावर बसून चहा पीत होते. त्यांनी सरळ सांगितलं, "माझी बायको लग्नात आणून द्या. मग तुमची कॅसेट मी आणून देतो."

यात काही चूक नव्हती. रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलगी माहेरपणाला आलेली. तिला परत शालू नेसवला, देवघरापुढे बसवली. आई जरीचं नेसून, नथ घालून बाहेर आली. अण्णांनी कॅमेरा खांद्यावर घेतला.

"घेऊ का?"

"अगंबाई, आता कसलं माझं..." ती म्हणाली.

अण्णांनी कॅमेरा खाली घेतला.

वखारवाल्यांनी कपाळावर हात मारला. मी म्हटलं, "बाई, हो म्हणा! हा माणूस नको म्हटल्यावर घेत नाही, तुम्ही बघितलंय ना?"

"अहो, पण आपलं आपण हो कसं म्हणायचं? लाज वाटते."

"मग मान हलवा."

तिने मान हलवली. अण्णा म्हणाले, "मान हलवली ती हो म्हणून की नाही म्हणून?"

"घ्या हो एकदाचं!" ती ओरडली, आणि लाजून तोंडाला पदर लावला. तसंच आलं ते. पदरातून दोन डोळे. वखारवाल्यांना तेही चाललं. त्याच संध्याकाळी त्यांनी केबलवाल्याकडून कॅसेट आणली, लग्न दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतलं आणि मूळ कॅसेट अण्णांच्या हातात ठेवली. त्यांना आता तिचं काही नको होतं.

तिथे हे संपायला हवं होतं. दुसऱ्या कोणी त्याच दिवशी ती पुसली असती आणि देवनहळ्ळीची बस धरली असती. अण्णा सकाळी माझ्या पायरीखाली आले.

"वैनी, पुसू का?"

"नाही," मी म्हटलं.

"सरी," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. माझा नवरा म्हणाला, "काय चालवलंयस? त्या माणसाची बायको जाऊन बसलीय भावाकडे."

"मला काय त्याचं?"

"तो तुला न विचारता पुसू शकला असता."

"नाही पुसू शकत. म्हणून तर विचारतोय."

"मग हो म्हण ना! तुझं काय जातंय?"

"तिने देवळात सगळ्यांना सांगितलं, मी शिवी दिलीच नाही. ही कॅसेट पुसली की ती परत तेच सांगणार. आधी म्हणू दे, दिली म्हणून. माझ्या तोंडावर म्हणू दे."

अण्णांनाही मी हेच सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे. देवनहळ्ळीला गेले, अक्कांना सांगितलं. अक्का म्हणाल्या, आधी कॅसेट, मग बोलणं. अण्णा परत आले, मला सांगितलं. मी म्हटलं, आधी बोलणं, मग कॅसेट. ते पुन्हा बसने गेले. हे असं चाललं होतं. दोघींपैकी एकीलाही त्यांनी कधी म्हटलं नाही की तू चुकतेयस. खोटं बोलून एकीला फसवणंही सोपं होतं. हो म्हणाली म्हणून सांगायचं. तसं काही त्यांच्या मनातही आलं नसेल. घरी भात करपवायचे. शर्टाला इस्त्री राहिली नव्हती. एकदा कढीपत्ता मागायला आले, मी दिला. नंतर बघितलं तर भातावर नुसता कढीपत्ता घालून जेवत होते.

रोज सकाळी त्यांचं विचारणं आणि माझं नाही म्हणणं यात माझी आमटी उतू जायची. शेवटी मी म्हटलं, "चला, मीच येते. पण कॅमेरा घ्या बरोबर. जे काय व्हायचं ते तिथेच होऊ दे."

बसमध्ये अण्णा कॅमेरा मांडीवर घेऊन बसले. देवनहळ्ळीला किल्ल्याच्या पलीकडे अक्कांच्या भावाचं घर. कुंपणापलीकडे चकोत्याचं झाड, नारळाएवढी फळं लागलेली. अक्का पडवीत शेंगा सोलत होत्या. मला बघून हात थांबला नाही.

"काय गं, बघायला आलीस?"

"बघायचं काय? रोज दुपारी लागत होतं की."

"आता काय पाहिजे तुला?"

"तुम्ही मला ते म्हणाला होतात की नाही?"

अक्का शेंगा सोलत राहिल्या. भाऊ दारात येऊन उभा राहिला होता. अण्णा पायरीखाली उभे, तोंड रस्त्याकडे.

"म्हणाले होते," अक्का म्हणाल्या.

"बस. पुसा, अण्णा."

"थांब," अक्का म्हणाल्या. "तूही मला तहानलेली म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. ते मी कधी नाकारलंय?"

सोललेल्या शेंगांचं सूप अक्कांनी माझ्याकडे सरकवलं. मी चार दाणे तोंडात टाकले.

पुसायचं म्हणजे कसं, ते अण्णांनी तेव्हा सांगितलं. नुसती पुसली जात नाही, त्यावर दुसरं काहीतरी घ्यावं लागतं. भांडण जेवढं लांब, तेवढं. भाऊ म्हणाला, "हे झाड घ्या की. चांगलं दिसेल."

"झाड कोणाचं?"

"शेजाऱ्याचं."

"ते आहेत घरी?"

"बंगलोरला गेलेत."

"मग नको," अण्णा म्हणाले. भिंत घ्यावी तर भिंतीवर सासऱ्यांचा फोटो. भाऊ स्वतः उभा राहायला तयार होता, पण म्हणाला, आधी दाढी करून येतो. अक्का उठल्या. हात पदराला पुसले.

"तुम्हीच बसा," त्या अण्णांना म्हणाल्या. "तुमचं तोंड तुमचंच आहे ना? कोणाला विचारायला नको."

अण्णांना हे सुचलंच नव्हतं. कॅमेरा त्यांनी स्टुलावर ठेवला, भांडणाच्या सुरुवातीला कॅसेट आणून लावली, कुठलं बटण दाबायचं ते अक्कांना दाखवलं आणि समोर खुर्चीवर जाऊन बसले. गुडघ्यांवर हात. अक्का वाकल्या, एक डोळा मिटला, दुसरा कॅमेऱ्याला लावला. बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

"घेऊ का?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी आधी इकडे तिकडे बघितलं. मग शर्टाचं वरचं बटण लावलं. "घे," म्हणाले.

आमचं भांडण बरंच लांब होतं, त्यामुळे त्यांना बराच वेळ बसावं लागलं. सुरुवातीला पोस्टात रांगेत बसल्यासारखे बसले होते. मग एकदा घसा खाकरला आणि "तुला त्या वेळी..." असं काहीतरी सुरू केलं. मी उठून अंगणात गेले. नवराबायकोचं बोलणं ऐकायची मला हौस नव्हती. भावालाही बाहेर ओढलं. तो अर्ध्या दाढीनेच आला.

आम्हाला हाक मारली तेव्हा कॅमेरा रेशमी तुकड्यात गुंडाळला गेला होता आणि कॅसेट अक्कांच्या पिशवीत होती. परतीच्या बसला आम्ही तिघे होतो. पुढच्या पाण्याच्या दिवशी अक्का घागर घेऊन नळावर आल्या आणि माझी सरकवली. मी त्यांची सरकवली. पण बोललं कोणीच नाही. अण्णा ओसरीवर कॅमेरा पुसत बसले होते आणि दोघींनाही तो दिसत होता.

दोन-तीन वर्षांनी अण्णा गेले. छातीत कळ आली आणि तासाभरात आटोपलं. केबलवाला खांदा द्यायला आला होता, वखारवाल्यांनी लाकडं पाठवली.

त्यांचा मुलगा पुण्याला असायचा, तो आला, बायकापोरांना घेऊन. तेराव्यानंतर त्याने सगळी कपाटं उघडली. गावाची लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं सापडली, पण बाप कुठेच नाही. ज्याच्या खांद्यावर कॅमेरा, तो कॅसेटमध्ये यायचा कसा? मग कोणीतरी त्याला देवनहळ्ळीच्या कॅसेटचं सांगितलं. त्याने आईकडे मागितली. ती देईना. तो माझ्याकडे आला. बापासारखा पायरीखाली थांबला नाही, सरळ आत येऊन कॉटवर बसला. बापाला तो अप्पा म्हणायचा.

"काकू, तुम्ही होतात ना तिथे? अप्पा काय बोलले?"

"मी अंगणात होते."

"आईला सांगा ना जरा. माझी पोरं लहान आहेत, त्यांना आजोबांचा आवाजसुद्धा आठवणार नाही. घरच्या घरी, दारं लावून, एकदाच बघू. ती ऐकतच नाही."

मी गेले. अक्का तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "पोरगा रडकुंडीला आलाय. द्या की."

"मी त्यांना घेऊ का विचारलं, ते घे म्हणाले," अक्का म्हणाल्या. "दाखवू का, ते विचारायचं राहिलं."

"पोटचा पोरगा आहे तो."

"हो. पण राहिलं ना विचारायचं."

त्यांनी दुसरं सूप पुढे केलं, मी त्यांचे थोडे तांदूळ निवडून दिले आणि परत आले. पोरगा तसाच कॉटवर बसला होता. काय झालं ते मी त्याला सांगितलं.

तो चिडला. "हे काय काकू? घेतली आईने, पिशवीत आईने ठेवली, कपाट आमचं. मग ती कॅसेट आहे तरी कोणाची?"

"तुझ्या बापाची," मी म्हटलं.